‘कार्ड आहे, मग पैसे कशाचे?’ : कर्करोग, सरकारी धोरण आणि तुमचे प्रश्न

मुंबईच्या एका कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेला माणूस ज्या टेबलाशी येऊन विचारतो, “बाई, आता पुढं काय करायचं?”, त्या टेबलामागं मी बसायचे. निवृत्तीनंतर माहेरगावी, बार्शीला राहते.

सरकारी आरोग्य धोरणाचा कर्करोगाच्या पेशंटवर आणि संशोधनावर काय परिणाम होतो, यावर गेल्या महिन्यात या पानासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली काही निवडली आहेत, थोडी आखडली आहेत, नावं गाळली आहेत. एक आधीच सांगते. निदानाचा कागद हातात पडल्यापासून पहिला उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस गेले, एवढ्यावरूनच मी कुठलंही धोरण जोखते. खालच्या उत्तरांत तेच पुन्हा पुन्हा येईल.

ताई, माझे वडील ५८ वर्षांचे. आधी ऊसतोडीला जायचे, आता मुकादमी करतात. गालाच्या आत जखम होती, बायोप्सीत कॅन्सर निघाला. सुरुवातीचाच आहे म्हणतात. आमचं केशरी कार्ड आहे. दवाखान्यात योजनेचा बोर्ड आहे, तरी ‘स्कॅनचे पैसे भरा, डिपॉझिट ठेवा, बाकीचं योजनेत बघू’ असं चाललंय. शिवाय गालाबरोबर मानेचंही ऑपरेशन करायचं म्हणतात. मानेला तर गाठ लागत नाही. बिल वाढवायला हे करत नसतील ना? (माजलगाव तालुका)

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात वडिलांचा जीव आहे. मानेचं ऑपरेशन बिल वाढवायला सांगितलेलं नाही. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला, मानेत गाठ लागत नसली, तर मान लगेच साफ करायची, म्हणजे तिथल्या ग्रंथी काढून टाकायच्या, की गाठ येईपर्यंत थांबायचं, यावर जगभरचे सर्जन कित्येक दशकं वाद घालत होते. उत्तर मिळालं परळला. टाटा मेमोरियलमधल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटानं ५०० पेशंटांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. मानेचं ऑपरेशन सोबतच झालेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांची मान वेळेत साफ केली की एक माणूस जास्तीचा वाचतो. तुमचे डॉक्टर सांगताहेत ते त्या अभ्यासातून आलेलं आहे.

हा अभ्यास आपल्याकडे का झाला, हेही सांगते. तोंडाचे पेशंट आपल्याकडे ढिगानं आहेत हे दुर्दैवी कारण आहेच. दुसरं असं की ते रुग्णालय सरकारी पैशावर चालतं. टाटांच्या ट्रस्टनं १९४१ साली ते उभं केलं, १९५७ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं घेतलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. ऑपरेशन कुठल्या वेळी करावं या प्रश्नात कुठल्याच औषध कंपनीचा नफा नाही. असला प्रश्न सरकारी पगारावरचा डॉक्टरच वर्षानुवर्षं धरून बसू शकतो.

आता पैशाचं. राज्याची योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतबरोबर जोडून चालते. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून ती पाच लाख आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशन कार्ड चालतं. म्हणजे तुम्ही त्यात बसता. योजनेच्या पॅकेजमध्ये खाट, ऑपरेशन, भूल, औषधं, उपचारासाठी लागणाऱ्या तपासण्या, जेवण आणि घरी परतण्याचं भाडंसुद्धा धरलेलं असतं. पॅकेज मंजूर झाल्यावर त्याच उपचारासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत.

तरी मागतात. त्यामागं दोन गोष्टी असतात. योजनेची मंजुरी मिळते ती निदान पक्कं झाल्यावर. त्याआधीची ओपीडी, स्कॅन, बायोप्सी, गावाहून खेपा हे बहुतेकांच्या खिशातूनच जातं. योजना आखणाऱ्यांनी ऑपरेशन डोळ्यापुढं ठेवलं आणि ऑपरेशनपर्यंत पोहोचण्याचा रस्ता मोकळा सोडला. माझ्या मते या योजनेची सर्वांत मोठी उणीव ती आहे. दुसरं, दावे मंजूर होऊन हातात पैसे पडायला वेळ लागतो, मग काही दवाखाने तो भार पेशंटवर ढकलतात. त्यांची अडचण खरी असेलही, पण डिपॉझिट मागण्याचा अधिकार त्यातून येत नाही.

तुम्ही असं करा. दवाखान्यात योजनेच्या काउंटरला आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन थेट त्याच्याकडे जा आणि प्री-ऑथ, म्हणजे योजनेकडे मंजुरीची मागणी, टाकली का ते विचारा. कुठल्या पॅकेजचा कोड टाकला आणि कधी, हे कागदावर लिहून घ्या. पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तिथूनच फोन लावा. घरी जाऊन लावू नका, काउंटरसमोर उभं राहून लावा. त्या दवाखान्यात तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन योजनेत होतच नसेल, तर कुठं होतं तेही तो क्रमांक सांगतो.

दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर आणखी एक दार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानं अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदाराचा दाखला लागतो. तो आजच काढायला टाका.

घाई का करते आहे ते ऐका. २०२० साली जगभरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला. ऑपरेशनला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. आयुष्मान भारतमध्ये नाव असलेल्या कर्करोगाच्या पेशंटांचे उपचार महिन्याच्या आत सुरू होण्याचं प्रमाण वाढलं, हेही एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे कार्ड चाललं तर नुसते पैसे वाचत नाहीत, दिवस वाचतात.

आणि वडिलांच्या तोंडातली पुडी आधी काढा. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे आणि तरी तो तुमच्या फडावर, माझ्या गल्लीत सगळीकडं मिळतो. ऑपरेशननंतर परत पुडी लावलेली माणसं मी पाहिली आहेत. ती पुन्हा त्याच ओपीडीत येतात.

आईला स्तनाचा कॅन्सर आहे. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन लिहून दिलंय. रुग्णालयाच्या दुकानातली किंमत आणि बाहेरच्या घाऊक दुकानातली किंमत यांत निम्म्याहून जास्त फरक आहे. सरकारनं किमती बांधून दिल्यात ना? मग असं कसं? स्वस्तातलं बनावट तर नसेल? (ठाणे)

सरकारनं बांधून दिली आहे ती कमाल किंमत. त्याखाली कोण कितीला विकतो हे कंपनी आणि दुकानदार ठरवतात. ट्रास्टुझुमॅब २०१५ पासून अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. यादीतल्या औषधाची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणं निघते. बाजारात एक टक्का तरी हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि वर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के घालायचे. औषध बनवायला खर्च किती आला हे त्यात कुठंच विचारत नाहीत. मुळात बाजारभावच चढा असेल तर सरासरीही चढीच निघणार. मला हे पटलेलं नाही. जुन्या पद्धतीत उत्पादनखर्चाचा हिशेब होता, तो सोडायला नको होता.

यादीबाहेरच्या औषधांचं त्याहून विचित्र होतं. कंपनी वितरकाला एका भावानं द्यायची आणि वेष्टनावर कितीतरी पट छापायची. मधला फरक वितरक, दुकान आणि रुग्णालय वाटून घ्यायचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत नियामकानं कर्करोगाच्या अशा ४२ औषधांवर मधला नफा ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा आदेश काढला. ५२६ ब्रँडच्या छापील किमती खाली आल्या, काहींच्या तर ९० टक्क्यांपर्यंत. एका आदेशानं एवढी किंमत उतरू शकते, तर त्याआधी इतकी वर्षं पेशंट काय भरत होते याचा विचार करा. असा आदेश सगळ्याच कर्करोगाच्या औषधांना लागू व्हायला हवा.

करातही बदल झाले आहेत. २०२४ च्या अर्थसंकल्पात तीन नव्या औषधांवरची आयातकराची सूट आली, त्यातलं एक स्तनाच्या कर्करोगाचं होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ३६ जीवरक्षक औषधांना ती मिळाली. सप्टेंबर २०२५ पासून ३३ औषधांवरचा जीएसटी शून्यावर आणि बाकी बहुतेकांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बिलावर जुना दर लागलेला नाही ना, ते बघा.

स्वस्त म्हणजे बनावट, ही भीती मनातून काढा. ट्रास्टुझुमॅबची भारतीय कंपनीनं बनवलेली आवृत्ती २०१४ पासून बाजारात आहे आणि औषध नियंत्रकांच्या परवान्यानं विकली जाते. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, “याच घटकाचा दुसरा ब्रँड चालेल का?” चालत असेल तर चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. मात्र पक्क्या बिलाशिवाय आणि बॅच नंबर जुळवल्याशिवाय घेऊ नका, आणि हे औषध थंड ठेवावं लागतं, तेव्हा दुकानातून बर्फाच्या डब्यातच न्या.

भाव पाडण्याची खरी ताकद एकत्र खरेदीत आहे. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशातली तीनशेहून जास्त केंद्रं आहेत. त्यातल्या काहींनी मिळून ४० औषधांची एकत्र बोली लावली, तेव्हा किमती औषधागणिक २३ ते ९९ टक्क्यांनी खाली आल्या. आईचं रुग्णालय ग्रिडचं सदस्य आहे का, आणि असेल तर त्या भावाचं औषध आईला मिळेल का, हे समाजसेवा विभागात जाऊन विचारा. सरकारी रुग्णालयांच्या आवारातली ‘अमृत’ नावाची स्वस्त औषधांची दुकानंही पाहा. तुमचं पांढरं कार्ड असलं तरी आता तुम्ही वरच्या योजनेत आहात, तेव्हा आरोग्यमित्रालाही गाठा.

किंमत ठरवण्याचा आणखी एक हक्क सरकारच्या हातात आहे. मार्च २०१२ मध्ये यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या सोराफेनिबसाठी पेटंट कार्यालयानं एका भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याचा २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला. आपल्या देशात दिलेला असा परवाना आजवर तेवढा एकच. कायद्यात तरतूद आहे, ती वापरायचं धाडस त्यानंतर झालेलं नाही, आणि याचा मला मनापासून राग आहे.

केमोसाठी अकोल्याहून मुंबईला दर एकवीस दिवसांनी जावं लागतं. रेल्वेची सवलत असते का? (अकोला)

असते. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्या आणि तिकीट खिडकीवर काढा. मुंबईत उतरायला दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. जागेसाठी आधी रुग्णालयातल्या समाजसेविकेची चिठ्ठी घ्या. आणि डॉक्टरांना एवढं विचारा, की पुढचे डोस अकोल्यातच देता येतील का. जिल्हा रुग्णालयांत डे-केअर केमोथेरपी केंद्रं तीन वर्षांत उभी करू, असं केंद्रानं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं आहे. अशा केंद्रात सुई द्यायला येणारी नर्स शिकलेली हवी आणि औषध मिसळायला सुरक्षित कपाट हवं. तुमच्या जिल्ह्यात ते कुठवर आलं, हे जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा.

बाई, मी आशा आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे सीबॅक फॉर्म (आजारांच्या धोक्याची प्राथमिक नोंद) भरते. बायकांना तपासणीला चला म्हटलं की म्हणतात, ‘अंगावरून जात नाही, दुखत नाही, मग कशाला?’ माझ्या सासूबाई सांगतात, पूर्वी गावात गाड्या यायच्या, बायकांची तपासणी करून जायच्या. आमच्यावर प्रयोग केला म्हणतात. खरं काय? आणि मुलींच्या लशीचं विचारतात. ती मधी बंद केली होती ना? (कळंब तालुका)

आशाताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाई म्हणतात ते खरं आहे. त्या गाड्या आमच्या बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून सुटायच्या.

१९९९ साली तुमच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, एक अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप, म्हणजे तिथल्या पेशी काढून बघणं, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं, आणि काहींत नेहमीचं जे चालू होतं तेच. २००९ साली निकाल आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगानं ३४ बायका गेल्या. काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट तीस-पस्तीस हजारांचे. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीनं मरणं जवळजवळ निम्म्यावर आणली. जगभरच्या तपासणी कार्यक्रमांत तुमच्या जिल्ह्यातल्या या आकड्यांचा आधार घेतात.

चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, अशी टीका पुढं झाली आणि ती टीका मला रास्त वाटते. सासूबाईंना माझ्याकडून सांगा, की त्यांच्या पिढीनं दिलेल्या माहितीवर दुसऱ्या देशांतल्या बायका वाचल्या. मग खुद्द त्यांच्या सुनांना ती तपासणी मिळायला नको का? इथंच धोरण कमी पडलं. २०१६ साली केंद्रानं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात एचपीव्ही चाचणी न घेता खर्चाला हलकी म्हणून ॲसिटिक ॲसिडची पद्धत घेतली. तीही चालली असती. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी तीच पद्धत वापरली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. पण त्यासाठी शिकवलेले हात लागतात, पडदा लागतो, उजेड लागतो, आणि डाग दिसला तर पुढं कुठं पाठवायचं याची सोय लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी १.९ टक्क्यांनी ही तपासणी कधीतरी केलेली होती. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

यात तुमच्या कामाला कमी लेखू नका. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदी घ्यायला फिरणारी माणसं गावोगाव बसून बायकांशी बोलायची, कुठली लक्षणं दिसली की यायचं ते सांगायची. काही वर्षांत पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडायला लागला. तेव्हा ना मोठी यंत्रं होती ना योजना. माणूस दारात येऊन बोलत होतं. तेच काम आज तुम्ही करता, आणि मानधनावर करता.

बायकांना असं सांगून बघा: “दुखायला लागलं, रक्त जायला लागलं, की कर्करोग बऱ्याचदा पुढं गेलेला असतो. दुखत नाही तेव्हा कर्करोग होण्याआधीचा डाग सापडला तर तो तिथल्या तिथं गोठवून किंवा जाळून काढता येतो, पिशवीसुद्धा काढावी लागत नाही.” आणि पहिल्या दिवशी स्वतः पुढं व्हा. आशाताईनं करून घेतली हे कळलं की चार जणी येतात.

आता लस, याच एचपीव्ही विषाणूवरची. २००९ साली आपल्या देशात दोन वेगळी कामं एकाच वेळी चालू होती. एक म्हणजे आंध्र आणि गुजरातमधला लसीकरणाचा प्रायोगिक कार्यक्रम. त्यात सात मुली दगावल्या. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संमती घेण्यात भयंकर हलगर्जी झाली होती. वसतिगृहातल्या मुलींसाठी वॉर्डननं सह्या केल्या होत्या, आई-बापांना पत्ताच नव्हता. संसदेच्या समितीनं २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. दुसरं काम म्हणजे दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास. बार्शी आणि पुणेही त्यात होतं. पहिल्या प्रकारामुळं एप्रिल २०१० मध्ये सरकारनं दोन्हीकडची लस थांबवली.

त्यामुळं १७,७२९ मुलींपैकी जवळजवळ पाच हजारांना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही, दहा वर्षं पाठपुरावा केला. २०२१ साली आकडे आले: एका डोसनंही टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण. त्याचा मोठा आधार घेऊन जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली एक डोस चालेल असं सांगितलं, आणि गरीब देशांचा लशीचा खर्च एकदम खाली आला. संशोधन बंद पडलं म्हणून हे सापडलं, असं कुणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. सुरुवातीला आई-बापांना विश्वासात घेतलं असतं, तर लोकांच्या मनातली भीती इतकी वर्षं राहिली नसती. पुण्यात तयार झालेल्या लशीला २०२२ साली परवानगी मिळाली. ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला चालना देऊ, असं केंद्रानं २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात म्हटलं. तुमच्या उपकेंद्रात ती आली की आयांना तुम्ही बसवून समजावून सांगा आणि सही त्यांचीच घ्या.

भावाला जिभेचा कॅन्सर परत आलाय. इम्युनोथेरपीचा पूर्ण डोस परवडत नाही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, अगदी कमी मात्रेत देऊ, सोबत गोळ्या. हे गरिबाचं मन राखण्यासाठी आहे का? दुसऱ्या एका ठिकाणी ‘ट्रायलमध्ये या’ म्हणतात. भीती वाटते. (परभणी)

कमी मात्रेचा अभ्यास झालेला आहे, मन राखण्याचा हा उपाय नाही. तेव्हा टाटा मेमोरियलमध्ये असलेल्या डॉ. विजय पाटील यांच्या गटानं डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या १५१ पेशंटांवर तो केला. तोंडानं घ्यायची साधी, स्वस्त औषधं सगळ्यांना दिली. अर्ध्यांना सोबत निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षानं नुसत्या गोळ्यांवरच्यांपैकी १६.३ टक्के हयात होते, इंजेक्शनवाल्यांपैकी ४३.४ टक्के. बरा होतो असं यातून म्हणता येत नाही, पण वेळ मिळतो. आणि तो अभ्यास औषध विकणारी कंपनी कधी करणार नाही, कारण त्यातून तिचा खप कमी होतो. म्हणून संशोधनाचा सरकारी निधी आटला की सर्वांत आधी असले प्रश्न बंद पडतात.

आता ट्रायलबद्दल, म्हणजे पेशंटांवर उपचार तपासून पाहणाऱ्या अभ्यासाबद्दल. २०१९ च्या नियमांनी पेशंटच्या बाजूनं बरंच लिहून ठेवलं आहे. ट्रायलमुळं इजा झाली तर मोफत उपचार, संबंध सिद्ध झाला तर भरपाई. मृत्यू झाला तर वारसांना. ट्रायलची नोंद सरकारी नोंदवहीत असणं २००९ पासून सक्तीचं आहे, तिचा क्रमांक मागून घ्या. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, एक रात्र ठेवा. “ट्रायलमध्ये नाही आलो तर काय उपचार मिळेल?” हा प्रश्न भावाच्या समोर विचारा. मधूनच बाहेर पडायचा हक्क त्याला आहे आणि पडला म्हणून नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. हे सगळं धड सांगणारा डॉक्टर असेल तर भिऊ नका. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर सही करू नका.

आईचा कॅन्सर हाडांत गेलाय. रात्रभर कण्हते. मॉर्फिन द्या म्हटलं तर इथले डॉक्टर म्हणतात सवय लागेल, दुकानदार म्हणतो ठेवत नाही, पोलिसांची भानगड. आम्ही काय करायचं? (संगमेश्वर तालुका)

ताई, हे आजच सुरू करा, पुढच्या महिन्याची वाट पाहू नका.

अफू जगाला पुरवणाऱ्या या देशात कर्करोगाच्या पेशंटला मॉर्फिन मिळत नाही, याला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा कारण झाला. धाक चोरट्या व्यापाराला बसवायचा होता, बसला दवाखान्यांना. एका गोळीसाठी निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागायचे. पुढच्या दहा-बारा वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला आणि डॉक्टरांची अख्खी एक पिढी ते लिहायला न शिकताच बाहेर पडली. वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि देशभर एकच नियम आला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मान्यता पुरते. कायदा सुधारला आहे, धाक अजून गेलेला नाही. दुकानदार ठेवत नाही तो त्यामुळंच.

म्हणून गल्लीतल्या दुकानात शोधू नका. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन पॅलिएटिव्ह (वेदना कमी करणारा) विभाग किंवा ओपीडी कुठल्या दिवशी असते ते विचारा. आईवर जिथं केमो किंवा शेक (रेडिएशन) झाला त्या रुग्णालयाचा पॅलिएटिव्ह विभाग तर नक्की देईल. आईला नेणं जमत नसेल तर तिची फाइल, ताजे रिपोर्ट आणि तिचं आधार घेऊन घरचं माणूस गेलं तरी बरेच विभाग औषध देतात; आधी फोन करून विचारा.

सवयीची भीती बाळगू नका. कर्करोगाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिननं सहसा व्यसन लागत नाही. साधी गोळी असेल तर साधारण दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून सोबत जुलाबाचं औषध लिहून घ्या. मात्रा वाढवायची तर डॉक्टरांना विचारून, मनानं नाही. हाडांतल्या दुखण्याला कधी कधी शेकाचा एकच डोस खूप आराम देतो आणि तो योजनेत बसतो का, हे त्याच खेपेला आरोग्यमित्राला विचारून या.